परतीच्या पावसाने टंचाई खरोखरच परतवली का?

पर्जन्यमापी (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार.

दसऱ्यानंतरच्या नऊ दिवसांत नागपूरजवळच्या हिंगण्यातील माझ्या घराच्या गच्चीवरील पर्जन्यमापकात 118 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. याच मापकात ऑगस्टमधल्या सलग 23 दिवसांत मिळून अवघे 14 मिलिमीटर पाणी जमले होते. तेव्हा ज्यांनी "यंदा दुष्काळच समजा" असे सांगायला फोन केले, तीच मंडळी आता "सुटलो एकदाचे" म्हणू लागली आहेत. मला दोन्ही वेळी एकच उत्तर द्यावेसे वाटले. पण ते फोनवर मावणारे नव्हते, म्हणून हा धागा काढत आहे.

आधी हिशेबाच्या वहीबद्दल. हवामान विभाग नैऋत्य मोसमी पावसाची मोजदाद 1 जूनपासून 30 सप्टेंबरपर्यंत करतो आणि त्यानंतरचा पाऊस मोसमोत्तर म्हणून वेगळ्या खात्यात मांडतो. त्यामुळे ऑक्टोबरचा पाऊस कितीही जोराचा झाला तरी पावसाळ्याच्या तुटीचा आकडा त्याने बदलत नाही. दुसरे असे की सरासरीपेक्षा 19 टक्क्यांपर्यंत कमी किंवा जास्त पाऊस "सामान्य" या सदरात मोडतो. आपल्याकडे वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो असे धरले, तर जवळजवळ 190 मिलिमीटर कमी पडूनही कागदावर सारे आलबेल दिसू शकते, आणि ते 190 मिलिमीटर नेमके सोयाबीनच्या शेंगा भरण्याच्या तीन आठवड्यांत कमी पडले असतील तर त्याची टक्केवारीत कोठेही नोंद उरत नाही.

म्हणून पाऊस किती पडला यापेक्षा तो कोठे गेला, हे विचारणे मला जास्त उपयोगाचे वाटते. ऑक्टोबरचे पाणी जमिनीच्या ओलीत जाते, विहिरीत जाते आणि धरणात जाते. या तिन्ही ठिकाणी त्याची किंमत इतकी वेगळी आहे की त्यांची बेरीज करणे मला चूकच वाटते.

ओलीचेच पाहा. सोयाबीनचे ऑगस्टमध्ये जे गेले ते गेले. आताच्या पावसाने दाणा फुगत नाही, उलट सोंगणी करून लावलेल्या गंजीत पाणी शिरले की शेंगांतच कोंब फुटतात. पण त्याच धुऱ्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या तुरीला हा पाऊस फुलोऱ्यापूर्वी मिळाला आहे, आणि कोरडवाहू हरभऱ्याच्या पेरणीसाठी याहून चांगली ओल मागूनही मिळाली नसती. "पडतील स्वाती तर पिकतील माणिकमोती" असे आपले जुने लोक म्हणत आले. मात्र ते मोती ज्वारी-हरभऱ्याचे, हे आपण विसरतो. एकाच शेतकऱ्याचे एकाच आठवड्यात नुकसानही होते आणि फायदाही, आणि दोन्ही खरे असतात.

विहिरीचा हिशेब थोडा सविस्तर मांडतो. काटोल, नरखेड, कळमेश्वर, हिंगणा हा नागपूर जिल्ह्याचा पश्चिम भाग बेसॉल्ट खडकाचा आहे. या खडकात पाणी साठवायला जागा फार थोडी असते. त्याच्या एकूण आकारमानाच्या साधारण 1 ते 3 टक्केच पाणी आपल्याला विहिरीतून उपसता येते. पडलेल्या पावसापैकी दहावा हिस्सा खोलवर मुरला असे उदारपणे धरले, तर 118 मिलिमीटरपैकी सुमारे 12 मिलिमीटर पाणी भूजलाला मिळाले. खडकाची क्षमता 2 टक्के धरली तर पातळी वाढली 0.6 मीटर, म्हणजे दोन फूट. एवढेच. आमच्या शेजारची विहीर मात्र चार दिवसांत सात फूट चढली, कारण तिच्यात नाल्याचे पाणी बाजूने शिरले. विहीर भरणे म्हणजे भूजल भरणे नव्हे. नाला आटला की ते पाणी आजूबाजूच्या कोरड्या खडकात पसरते आणि पातळी पुन्हा उतरते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा, म्हणजे पावसाळा संपल्यावर, जानेवारीत, मार्चमध्ये आणि मेमध्ये मोजते आणि त्या त्या वेळच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहते. माझ्या मते जानेवारीची नोंद येईपर्यंत कोणीही "सुटलो" म्हणू नये.

धरणाबद्दल जाणकारांनी लिहावे. मी एवढेच सांगतो की माझ्या गच्चीवर पडलेला थेंब वेणा नदीतून वर्धेकडे जातो, तर नागपूर शहराच्या नळाला येणारे पेंच नदीचे पाणी छिंदवाडा आणि सिवनी जिल्ह्यांत पडलेले असते. सीताबर्डीवर धो धो पाऊस झाला म्हणून पेंचवरच्या तोतलाडोह धरणात एक इंचही भर पडत नाही.

मानेवाडा_रोड

लेख आवडला. माझा प्रश्न शहरवासीयाचा आहे आणि तो थोडा स्वार्थी वाटेल. जुलै 2019 मध्ये शहराला दिवसाआड पाणी मिळत होते, तेव्हा आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यापर्यंत बादल्या वाहून माझ्या आईचे गुडघे जे दुखू लागले, ते आजतागायत दुखतात. त्या वेळचे दोन निळे ड्रम अजून गच्चीवर आहेत. ते काढून टाकावेत की ठेवावेत, एवढे कोणी जाणकार सांगेल का?

निवृत्त_पाटबंधारे

ताई, ड्रम ठेवा, पण त्यांची झाकणे घट्ट बसवा. नाहीतर पाण्याआधी डेंग्यू येईल.

आता मुद्द्याचे. तोतलाडोहाचा उपयुक्त साठा हजार दशलक्ष घनमीटरच्या, म्हणजे आमच्या भाषेत हजार दलघमीच्या आसपास आहे. शहराला रोज साडेसहाशे दशलक्ष लिटरांहून अधिक पाणी लागते. साडेसहाशे धरले तर ते दिवसाला 0.65 आणि वर्षाला सुमारे 237 दलघमी होते. त्यातला काही भाग कन्हान नदीवरून येतो. बाष्पीभवन आणि गळती धरूनसुद्धा धरण काठोकाठ भरले असेल तर एका उन्हाळ्यात शहर तहानेने व्याकूळ व्हायचे कारण नाही. मग 2019 मध्ये तसे का झाले? कारण 2018 च्या पावसाळ्यात धरणात पुरेसे पाणी आलेच नाही. पाऊस कमी होता हे एक कारण. दुसरे असे की वरच्या बाजूला, छिंदवाडा जिल्ह्यात माचागोरा येथे मध्य प्रदेशाचे चौराई धरण उभे राहिले असून पेंचचे पाणी आता आधी तेथे अडते. पूर्वी वरच्या भागात सरासरी पाऊस झाला की आपले धरण भरत असे. आता आधी चौराई भरते आणि तेथून विसर्ग सुरू झाला तरच तोतलाडोह झपाट्याने चढतो. त्या उन्हाळ्यात शेवटी मृतसाठ्यातून, म्हणजे एरवी धरणाबाहेर न काढता येणाऱ्या तळाच्या साठ्यातून, पाणी उचलावे लागले होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तोतलाडोहाचे दरवाजे उघडण्याची वेळ आली हेही लक्षात ठेवावे; दोन महिन्यांत चित्र पालटले, पण ते पालटेल याची जुलैमध्ये कोणालाही खात्री देता येत नव्हती.

म्हणून आमच्या खात्यात पावसाचे आकडे पाहून कोणी निर्धास्त होत नसे. पाहायचा आकडा एकच, 15 ऑक्टोबरचा साठा. त्या तारखेच्या साठ्यावरून पुढच्या वर्षभराचे नियोजन होते: आधी पिण्याचे पाणी राखून ठेवायचे, बाष्पीभवनाची घट वजा करायची, आणि उरेल त्यातून कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत रब्बीची आवर्तने, म्हणजे कालव्यातून पाणी सोडण्याच्या पाळ्या, ठरवायची. धागाकर्त्यांच्या मांडणीत एक भर घालतो. 15 ऑक्टोबरनंतर येणारे पाणी धरणासाठी बहुधा नगण्य असते, पण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस झाला की लाभक्षेत्रातील शेतकरी पाण्याची मागणीच करत नाहीत, आणि जे पाणी सोडावे लागले नाही ते धरणात शिल्लक राहते. परतीच्या पावसाचा धरणाला खरा फायदा असा मागच्या दाराने होतो.

कोराडीच्या वीज केंद्रासाठी भांडेवाडीचे 130 दशलक्ष लिटर प्रक्रिया केलेले सांडपाणी रोज वापरण्याची जी योजना झाली, तिचाही येथे उल्लेख व्हायला हवा. तेवढे गोडे पाणी वाचते, आणि अशा गोष्टींची बातमी होत नाही.

मौदा_धानवाला

साहेबांनी "पिण्याचे पाणी राखून उरेल त्यातून" असे जे लिहिले, त्या "उरेल" या शब्दातच आम्ही राहतो. मी पेंचच्या उजव्या-डाव्या कालव्याचे राजकारण येथे आणत नाही. पिण्याला पहिला हक्क असावा, याला आमचा कधीच विरोध नव्हता. पण शहरात पाणीकपातीची चर्चा जुलैत होते, तेव्हा आमच्याकडची कपात आधीच्या ऑक्टोबरमध्येच होऊन गेलेली असते, आणि ती कोणाच्या लक्षातही येत नाही. 2018 मध्ये धान लोंबीवर आला असताना एका पाळीसाठी आम्ही किती हेलपाटे घातले ते आमचे आम्हाला ठाऊक. त्यानंतरच्या रब्बीत माझ्या चार एकरांत गव्हाचा एक दाणाही पेरला गेला नाही.

यंदाच्या पावसाचे म्हणाल तर हलका (लवकर येणारा) धान कापणीला आला होता, तो बांधीतच लोळला. भारी (उशिरा येणाऱ्या) धानाला मात्र हे पाणी औषधासारखे लागले. एक पाळी वाचली. आमचे आजोबा कालव्याच्या भरवशावर नव्हते, गावचा माजी मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातला तलाव, त्यांना पुरत असे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीपर्यंत असे हजारो तलाव आहेत आणि रामटेकच्या बाजूलाही ते आढळतात. परतीचा पाऊस साठवण्यासाठी याहून चांगली सोय कोणी काढलेली नाही, परंतु आमच्या तलावात आज पाण्यापेक्षा गाळ आणि बेशरमाची झुडपे जास्त आहेत. तोच नऊ दिवसांचा पाऊस आला, तलाव दोन दिवसांत भरला आणि उरलेले सगळे सांडव्यावरून निघून गेले.

काटोलचा_संत्रावाला

धागाकर्त्या दादांनी विहिरीचा हिशेब मांडला तो बरोबर आहे, पण त्यात आमच्याकडची एक गोष्ट सुटली आहे. काटोल, नरखेड आणि पलीकडे वरुड, मोर्शी या पट्ट्यात बागांची तहान आता विहिरीवर भागत नाही, बोअरवर भागते. वरचा झिजलेला खडक पावसाने भरतो आणि तेवढे विहिरीत दिसते. बोअरचे पाणी त्याखालच्या भेगांतले असते. ते वर्षानुवर्षे उपसले गेले आहे आणि एका परतीच्या पावसाने ते भरून येत नाही. माझ्या वडिलांनी 60 फुटांच्या विहिरीवर बाग उभी केली. माझा पहिला बोअर 300 फुटांचा होता आणि तिसरा 700 फुटांवर जाऊनही कोरडा निघाला. 2019 च्या उन्हाळ्यात टँकरने पाणी घालूनही माझी 140 झाडे वाळली. बारा वर्षांची झाडे होती ती. सोयाबीन गेले तर पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येते. बाग गेली की सहा-सात वर्षे जातात, आणि पंचनाम्यात ही वर्षे मांडायला रकाना नसतो.

ऑक्टोबरच्या पावसाचा आमच्यासाठी आणखी एक त्रास आहे. आंबिया बहारासाठी, म्हणजे जानेवारीच्या सुमाराच्या फुलोऱ्यासाठी, डिसेंबरपासून बागेला ताण द्यावा लागतो, म्हणजे पाणी तोडावे लागते. जमीन भारी असेल आणि ऑक्टोबरअखेरपर्यंत ओल टिकली, तर ताण नीट बसत नाही आणि जानेवारीत फुलांऐवजी पालवी फुटते. म्हणजे ऑगस्टमध्ये पाणी नाही म्हणून फळगळ झाली आणि आता पाणी आहे म्हणून पुढचा बहार धोक्यात. बायको म्हणते की तुम्हा संत्रावाल्यांना पाऊस कधीच मनासारखा पडत नाही. ते खरेच आहे, पण झाडाला आम्ही काय करणार?

कळमेश्वर_कोरडवाहू

सगळे पाण्याचे बोलत आहेत, मी कागदाचे विचारतो. आमच्या महसूल मंडळात ऑगस्टमध्ये तीन आठवडे पाऊस नव्हता, सोयाबीन एकरी दोन पोत्यांवर आले. तरीही दुष्काळाच्या यादीत आपले नाव येणार नाही असे तलाठ्यापासून चहावाल्यापर्यंत सर्व जण सांगत आहेत. हे कोणत्या निकषावर?

पर्जन्यमापी (धागाकर्ता)

भाऊ, आपला प्रश्न रास्त आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

दुष्काळ ठरवण्याची आजची पद्धत केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेवर आधारलेली आहे. पहिली पायरी पावसाची: एकूण तूट, किंवा सलग तीन-चार आठवडे सरासरीच्या निम्म्याहून कमी पाऊस. त्या चाळणीतून तालुका पुढे गेला की दुसऱ्या पायरीवर चार गोष्टी तपासतात, त्या म्हणजे पेरणीचे क्षेत्र, उपग्रहावरून दिसणारी पिकांची स्थिती, जमिनीतील ओलावा आणि धरणे-भूजल यांची अवस्था. त्यानंतर निवडक 10 टक्के गावांत प्रत्यक्ष पाहणी होते आणि खरिपाचा निर्णय ऑक्टोबरअखेर अपेक्षित असतो. 2018 मध्ये 31 ऑक्टोबरला राज्यातील 151 तालुके जाहीर झाले. 2023 मध्ये, म्हणजे ज्या वर्षी देशातला ऑगस्ट 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ठरला त्या वर्षी, त्याच तारखेला फक्त 40 तालुके जाहीर झाले आणि पुढे नोव्हेंबरमध्ये आणखी हजाराहून अधिक महसूल मंडळांना दुष्काळसदृश म्हणून सवलती देण्यात आल्या.

आता परतीचा पाऊस या चाळणीत काय करतो ते पाहा. पाहणी ऑक्टोबरमध्ये, आणि पाऊसही ऑक्टोबरमध्ये. ओलाव्याचा निर्देशांक चढतो, उपग्रहाला शिवार हिरवे दिसते. त्या हिरवळीत पिकापेक्षा गवत किती, हे आकाशातून सहज ओळखता येत नाही. दाणा न भरलेले सोयाबीनही पाने गळेपर्यंत हिरवेच असते. माझ्या मते या पद्धतीतली सर्वांत दुबळी जागा हीच आहे: नुकसान ऑगस्टचे आणि तपासणी ऑक्टोबरची.

तरीही वाट पूर्ण बंद नाही. पैसेवारी, म्हणजे नेहमीच्या पिकाला रुपया धरले तर यंदा किती पैसे पीक आले तो आकडा, उत्पादनावरून काढतात आणि आपल्या विभागात खरिपाची अंतिम पैसेवारी 31 डिसेंबरला जाहीर होते. ती 50 पैशांच्या आत आली तर जमीन महसुलात सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, कृषिपंपांच्या चालू वीजबिलात 33.5 टक्के सवलत, विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्कात माफी अशा उपाययोजनांची मागणी लावून धरता येते. पीक कापणी प्रयोग आपल्या गावात कोणत्या शेतांत होणार आहेत याची चौकशी करा आणि त्या दिवशी तेथे हजर राहा. प्रयोगासाठी आखलेल्या चौकोनात किती किलो दाणे निघाले, यावर पुढचे बरेच काही ठरते.

निवृत्त_पाटबंधारे

धागाकर्त्यांशी येथे मी पूर्ण सहमत नाही. संहितेपूर्वी केवळ पैसेवारीवर सारे चालत असे, तेव्हा नजरेने ठरवलेल्या आकड्यांमागे कोणाचे वजन पडते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना उपग्रह बरा वाटतो. दोष उपग्रहाचा नाही. ऑगस्टचे चित्र आणि ऑक्टोबरचे चित्र शेजारी ठेवून पाहिले तर पावसाच्या खंडाचा परिणाम नीट दिसतो. फक्त ऑक्टोबरचे पाहिले तर दिसत नाही.

पर्जन्यमापी (धागाकर्ता)

काका, हे मान्य. मी दुरुस्ती करून घेतो.

पुढच्या चार महिन्यांविषयी काही जणांनी खासगीत विचारले, म्हणून माझा अंदाज लिहितो. तो चुकला तर दोष माझा. कोरडवाहू हरभरा पेरायला हरकत दिसत नाही, वापसा आला, म्हणजे जमीन पेरण्याजोगी सुकली, की उशीर करू नये. तुरीला आता पावसापेक्षा धुवारीची (धुक्याची) भीती अधिक आहे. नोव्हेंबर 2023 अखेरचा अवकाळी पाऊस आणि फेब्रुवारी 2018 मधली गारपीट ज्यांनी पाहिली आहे, ते हिवाळी पावसाकडून काही मागणार नाहीत, आणि मागूही नये. पश्चिमेकडच्या तालुक्यांत, विहीर आज कितीही भरलेली दिसली तरी, उन्हाळी पिकाचा विचार जानेवारीच्या पातळीनंतरच करावा. ज्यांना शक्य आहे त्यांनी आपल्या विहिरीची पातळी मोटार बंद असताना, सकाळी, काठापासून मोजून येथे लिहावी.

मानेवाडा_रोड

ड्रम ठेवत आहोत. झाकणे आजच आणली.

काटोलचा_संत्रावाला

दादा, सुरुवात मी करतो. आज सकाळी साडेसहा वाजता, मोटार कालपासून बंद, काठापासून पाण्यापर्यंत 4.6 मीटर. मागच्या रविवारी पाऊस थांबला तेव्हा 3.1 होते. अजून बागेला एकही पाणी दिलेले नाही.